प्लेग संपला, मग त्यावर अजून संशोधन कशाला?

प्रश्न असा आहे : "मी बेळगावात मायक्रोबायॉलॉजी शिकतोय. प्लेग तर कधीच संपला. मग प्लेग आणि तसल्या जीवघेण्या रोगांवर अजून संशोधन कशाला चालतं? आणि आपल्याकडच्या मुलाला त्यात काम मिळेल का?"

मी खानापूर तालुक्यातला. सरकारी आरोग्य केंद्रात लॅब टेक्निशियन होतो, आता निवृत्त आहे. रक्त काढायचं, मलेरियाच्या काचपट्ट्या बघायच्या, बर्फाच्या डब्यातून नमुने पुढं धाडायचे, एवढंच माझं काम. तेव्हा शास्त्रज्ञाचं उत्तर माझ्याकडून मिळायचं नाही.

आधी तो 'संपला' शब्द खोडा. देवी संपली, कारण तो रोग माणसाशिवाय कुठं टिकत नव्हता. (टिळकवाडीत सकाळी ज्या व्हॅक्सिन डेपोत लोक फिरायला जातात, तिथं देवीची लस तयार व्हायची. त्या काळी ती वासरांच्या कातडीवर वाढवत.) प्लेगचं तसं नाही. त्याचं घर रानातल्या उंदरांत आणि त्यांच्या पिसवांत. १९९४ साली तो बीड जिल्ह्यात आणि सुरतेत दिसला, २००२ मध्ये हिमाचलात, २००४ मध्ये उत्तरकाशीकडं. मध्ये वर्षानुवर्षं गप्प असतो म्हणून आपण संपला म्हणायचं, एवढंच. म्हणूनच केंद्र सरकारचं प्लेगवर नजर ठेवणारं पथक आजही बेंगळुरात आहे आणि ते उंदीर पकडून तपासतं.

१८९६ मध्ये मुंबईत आलेला प्लेग वर्ष-दोन वर्षांत आमच्या भागात पोचला. माझी आज्जी तिच्या सासूकडून ऐकलेलं सांगायची : आढ्यावरनं उंदीर पडला, की भांडीकुंडी घेऊन माळावर झोपडी टाकायची आणि पाऊसपाणी बघून परत यायचं. 'उंदीर पडला' म्हणजे पाय घसरून पडला असं नाही हं. झिंगत यायचा आणि तुमच्यादेखत मरायचा. गावात जंतू कुणाला ठाऊक नव्हते, पण आधी उंदीर आणि मग माणूस हा क्रम बायकांना पाठ होता.

हाच क्रम १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं प्रयोगात बसवला. बरणीत पिसवा असलेला आजारी उंदीर ठेवला आणि त्याच बरणीत जाळीच्या पिंजऱ्यात चांगला उंदीर. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. पहिला मेला, अंग गार पडलं, पिसवा उठल्या आणि थोड्या दिवसांत दुसराही प्लेगनं गेला. बऱ्याच विद्वानांनी त्याला वेड्यात काढलं. पुढं १९०५ पासून प्लेग कमिशननं मुंबईत गिनीपिग घेऊन हेच तपासलं. प्लेगच्या घरात साध्या पिंजऱ्यातले मरत होते. पिसवा शिरणार नाहीत अशा बारीक जाळीतले जगत होते. १९१४ मध्ये लंडनला आणखी एक गोष्ट कळली. जंतू पिसवेच्या पोटाच्या तोंडाशी गठ्ठा करून बसतात. रक्त आत जात नाही, भूक भागत नाही, म्हणून ती परत परत चावते आणि दर वेळी जंतू ओकते. एवढ्याशा किड्यानं हिंदुस्थानात १ कोटीवर माणसं मारली. हाफकिन या शास्त्रज्ञाची प्लेगची लस या सगळ्याच्या आधीच, १८९७ मध्ये मुंबईत तयार झाली होती. त्यानं ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. हुबळीत पुढच्याच वर्षी हजारो लोकांनी ती घेतली.

आता आमच्या काळातलं. माकडताप, कन्नडात मंगन कायिले. १९५७ मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली आणि पाठोपाठ लाकूडफाट्याला जाणारी माणसं. पुण्याच्या विषाणू संस्थेनं विषाणू शोधला, तो पसरवणारी गोचीड शोधली. बरीच वर्षं तो तिकडचा रोग म्हणून आम्ही निवांत होतो. मग २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीत आला, २०१६ मध्ये दोडामार्गात. आमची माणसं काजूच्या हंगामात तिकडंच जातात. दिवसभर बोंडू गोळा करायचे, दुपारी झाडाखाली पाचोळ्यावर आडवं व्हायचं, आणि गोचिडी पाचोळ्यातच असतात. गावी आले ते ताप घेऊन. माणूस कर्नाटकातला, गोचीड चावली गोव्यात, रक्त तपासलं महाराष्ट्रात. हा रुग्ण कुणाच्या खात्यावर मांडायचा यावर फोनवर झालेली चर्चा मी कानांनी ऐकलीय.

एकदा एका शेतकऱ्यानं निरोप दिला, काजूत वानर मरून पडलंय. मी वरच्या कचेरीत कळवलं. "माकड मेलंय म्हणून गाडी मागायलास होय?" म्हणून साहेब हसले. तिसऱ्या दिवशी माणूस आला तेव्हा तिथं वास होता, वानर नव्हतं. कुत्र्यांनी ओढून नेलं होतं. ताज्या मढ्यातनं विषाणू मिळतो, कुजलेल्यातनं नाही. पहिली खबर अशी वाया गेली की पुढं पुण्याला कितीही भारी मशिनं असोत, त्यांत घालायला काही उरत नाही. तुम्ही याला संशोधन म्हणाल का माहीत नाही, मी म्हणतो.

कामाचं : एमएस्सी करा आणि पुण्याची विषाणू संस्था, आयसीएमआरच्या (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) इतर प्रयोगशाळा, शिमोग्याची विषाणू निदान प्रयोगशाळा यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. प्रोजेक्टवरच्या जागा वर्ष-दोन वर्षांच्या असतात, पगार बेताचा. घरच्यांना आधीच सांगून ठेवा. सगळे जेनेटिक्सकडं धावतात, गोचिडी-पिसवा ओळखणारी माणसं कमी. ते शिकलात तर विचारतील. कन्नड लिहायला शिका. फॉर्म कन्नडात असतो, आजारी म्हातारी मराठीत बोलते आणि रिपोर्ट इंग्रजीत येतो. ती म्हातारी "चार दिवसांमागं रानात गेल्ते" म्हणाली तर ते फॉर्मवर उतरवणारं कुणीतरी लागतं.

आणि या मे महिन्यात खानापूरकडं आलात तर पाचोळ्यावर बसू नका. बाकी काही विचारायचं असेल तर इथंच खाली विचारा.