समुद्रात पाण्याचा रंग बदलतो त्या रेषेवर मासळी का लागते, आणि पीएफझेडची, म्हणजे उपग्रहावरून कळवलेली मासळीची जागा गाठूनही जाळं रिकामं का येतं?

थोडक्यात सांगायचं तर रेषेवर मासळी तयार होत नाही, ती तिथे जमा होते. तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं निम्मं उत्तरही यातच आहे.

दोन वेगळ्या वजनांची पाणी समोरासमोर आली की जड पाणी हलक्याच्या खाली सरकतं. त्या जागी वरचं पाणी दोन्ही बाजूंनी रेषेकडे ओढलं जातं आणि तिथून खाली बुडतं. पाणी बुडतं, पण तरंगणारं किंवा वर पोहत राहणारं काही बुडत नाही. म्हणून फेस, शेवाळ, काटक्या, प्लास्टिक, जेलीफिश असं सगळं एका ओळीत दिसतं. डोळ्यांना न दिसणारं प्लवंग, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे बारीक जीवही तिथेच दाटतात. त्यांच्या मागे तारली-बांगडा येतो आणि त्याच्या मागे सुरमई, कुपा. शास्त्रज्ञ अशा रेषेला फ्रंट म्हणतात. खाडीच्या तोंडाशी ती काही मीटर रुंद असते, बाहेर खोल समुद्रात काही किलोमीटर. बाहेरच्या फ्रंटवर तापमानातला फरक अनेकदा जेमतेम अर्धा-एक अंश असतो, त्यामुळे तो हाताला कळत नाही.

खाडीच्या तोंडाशी मामला मिठाचा असतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे ते नदीच्या पाण्यापेक्षा लिटरमागे पंचवीसेक ग्रॅम जड भरतं. फरक किरकोळ वाटतो, पण एवढ्यावर वरून गोडं पाणी बाहेर आणि तळातून खारं पाणी आत अशी दुहेरी वाहतूक चालते. ओहोटीला गढूळ पाण्याची जीभ समुद्रात शिरते आणि तिच्या बाहेरच्या कडेला रेषा उमटते. ओहोटीचे शेवटचे दोनेक तास आणि पाणी थांबतं तेवढा वेळ ती बहुधा सर्वांत ठळक असते. भरती सुरू झाली की ती मागे, खाडीच्या तोंडात ढकलली जाते. सकाळी जिथे रेषा पाहिली तिथे दुपारी जाळं टाकायला जाणं म्हणूनच व्यर्थ.

उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (अष्टमीच्या आसपासची लहान) यांचाही हिशोब धरा. उधाणाला पाणी जोरात धावतं, वरचे-खालचे थर घुसळले जातात आणि रेषा पुसट होते. भांगाला थर टिकतात. मुंबई-वसई-पालघरकडे उधाणाला पाणी चार मीटरहून अधिक चढ-उतार करतं, त्यामुळे तिथल्या खाड्या तळापर्यंत ढवळलेल्या असतात. देवगड-मालवणपासून गोव्यापर्यंत हा फरक साधारण दोन मीटरचा आहे, म्हणून तिकडे रेषा जास्त स्वच्छ दिसते. हे सगळं पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही महिने. कोकणातल्या नद्या आखूड आहेत आणि जवळजवळ सगळं पाणी चार महिन्यांतच ओततात. मांडवीचंच बघा: जुलैत वरचा थर जवळजवळ गोडा असतो, तर मे महिन्यात समुद्राचं खारं पाणी नदीत कित्येक किलोमीटर आत गेलेलं असतं. त्या दिवसांत खाडीच्या तोंडाशी रेषा शोधू नका, सापडणार नाही.

जाळं कुठे टाकायचं? नजरेनं शिकार करणारी मासळी गढूळ पाण्यात फारशी शिरत नाही, ती स्वच्छ बाजूला कडेकडेनं फिरते. गिलनेट, म्हणजे मासा कल्ल्यांत अडकतो ते उभं जाळं, त्या बाजूला, रेषेला समांतर आणि थोडं अंतर राखून सोडावं. रेषेवर आडवं टाकलं तर दोन्ही बाजूंचे प्रवाह वेगळे असल्यामुळे ते पिळलं जातं आणि कचरा भरतो तो वेगळाच. डोलीचं गणित निराळं. तिथे जाळं खुंटाला बांधून एका जागी असतं आणि पाणीच मासळी आणून भरतं, त्यामुळे रेषेपेक्षा प्रवाहाचा जोर महत्त्वाचा. बोंबील गुजरातपासून रत्नागिरीच्या आसपासपर्यंत भरपूर आणि त्याखाली तुरळक आहे. डोलीचा धंदाही जोरदार भरती-ओहोटीच्या त्याच उत्तर पट्ट्यात वाढला, आणि त्यात मला तरी काही योगायोग दिसत नाही.

रेषा मासळी गोळा करते, पण त्यातली बरीचशी वाढते खाडीत. कोळंबी घ्या. आपल्या बाजारातल्या बहुतेक मोठ्या जाती अंडी समुद्रात घालतात. पिल्लं दोन-तीन आठवडे प्लवंगासारखी वाहतात, मग भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत शिरतात आणि कांदळवनाच्या चिखलात काही महिने काढून पुन्हा समुद्रात जातात. जिताडा खाडीत आणि गोड्या पाण्यात वाढतो, पण अंडी घालायला तोंडाकडच्या खाऱ्या पाण्यात येतो. तो आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे मोठे जिताडे तेवढे मारत राहिलं तर माद्याच संपतात. चिखलातल्या चिंबोरीच्या अंडी भरलेल्या माद्या समुद्राकडे जातात आणि पिल्लं परत आत येतात. या सगळ्यांना आत-बाहेर करायला वाट मोकळी हवी. खारबंदिस्तीची, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधाची उघाडी (झडप) भरतीला कायम बंद ठेवली किंवा खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा साचला, तर पिल्लू आत पोचतच नाही. आणि बारीक आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्यानं खाडीत दोन-तीन सेंटीमीटरची कोळंबी उपसली तर एक नग ग्रॅमभरही भरत नाही. तोच नग बाहेर जाऊन वाढला तर वीस-तीस ग्रॅमचा होतो. त्यातले बरेच वाटेत मरतात हे धरलं तरी सौदा तोट्याचाच.

आता पीएफझेड, म्हणजे मासळी मिळण्याची शक्यता असलेली जागा. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य पाहते, दोन्ही जिथे झपाट्यानं बदलतात तिथे रेषा आखते आणि बंदरापासून दिशा, अंतर, खोली, अक्षांश-रेखांश कळवते. मराठीतही मिळतं. ढगांतून उपग्रहाला ना तापमान दिसतं ना रंग, म्हणून ढगाळ दिवसांत सल्ला येत नाही. मासेमारी बंदीच्या काळात आणि खवळलेल्या समुद्रातही नाही.

सर्वांत जास्त घोळ होतो तो आकड्यांत. सल्ल्यात १६ अंश ३० मिनिटं असेल आणि जीपीएसमध्ये १६.३० अंश भरलं, तर तुम्ही १६ अंश १८ मिनिटांवर पोचता. बारा मिनिटं म्हणजे बारा सागरी मैल, बावीस किलोमीटर! तेवढं डिझेल पाण्यात. जीपीएस कुठल्या पद्धतीवर लावला आहे ते बंदरातच तपासा. अंतर किलोमीटरमध्ये दिलेलं असेल तर सागरी मैलांसाठी १.८५नं भागा.

दुसरी गोष्ट, रेषा हलते. अर्ध्या नॉटचा (ताशी अर्ध्या सागरी मैलाचा) प्रवाह चोवीस तासांत बारा मैल सरकवू शकतो. म्हणून दिलेला बिंदू म्हणजे खुंटी नव्हे. तिथे जाऊन रेषेला आडवं, म्हणजे बहुतेक वेळा किनाऱ्याकडून बाहेर, चार-पाच मैल सावकाश जा आणि दर अर्ध्या मैलाला बादलीभर पाणी काढून दशांश दाखवणाऱ्या थर्मामीटरनं तापमान लिहा. बादली सावलीत ठेवा आणि मिनिटभरात मोजा, नाहीतर तुम्ही उन्हाचं तापमान मोजाल. तापमान एकदम अर्ध्या अंशानं बदललं की तिथे फेस, पक्षी, फिशफाइंडरवरचे थवे पाहा.

काही वेळा चूक नकाशातच असते. किनाऱ्याजवळ गाळामुळे उपग्रहाला हरितद्रव्य आहे त्यापेक्षा जास्त भासतं, त्यामुळे खाडीच्या तोंडाजवळच्या रेषेवर मी फार विसंबणार नाही. एप्रिल-मेमध्ये शांत समुद्राचा वरचा थर सगळीकडे सारखाच तापतो आणि खालचा फरक झाकला जातो. हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रात नॉक्टिल्युका या जीवामुळे पाणी हिरवंगार होतं, रात्री चमकतंही, पण आपल्या माशांचं ते आवडतं अन्न नाही. शिवाय पाणी हिरवं झालं म्हणून मासळी लगेच येत नाही. शेवाळ दिवसांत वाढतं, ते खाणारे बारीक जीव वाढायला आठवडे लागतात. एकाच दिवशी उमटून गेलेल्या रेषेपेक्षा लागोपाठ दोन-तीन सल्ल्यांत त्याच पट्ट्यात दिसलेली रेषा निवडा.

शेवटी ट्रॉलरवाल्यांसाठी. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोवा-कर्नाटकापुढे तळातून वर सरकलेलं थंड, कमी प्राणवायूचं पाणी किनाऱ्याजवळ येतं आणि पावसाच्या हलक्या पाण्याचा थर त्यावर पातेल्यावरच्या झाकणासारखा बसतो. गोव्यात कांदोळीपुढे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं हे वर्षानुवर्षं मोजलं आहे. तळाला मासे श्वास घेऊ शकत नाहीत, ते वर किंवा उथळात निघून जातात. त्या दिवसांत रापणीला (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं) आणि पर्ससीनला (थव्याला वेढा घालणारं जाळं) तारली-बांगडा किनाऱ्याजवळ लागतो, याचं हे एक कारण. तपासायचं तर बाटलीला वजन बांधा, बुचाला वेगळी दोरी लावा, तळाशी गेल्यावर बूच झटक्यानं ओढा, बाटली भरली की भराभर वर घ्या आणि तापमान मोजा. वर २८ अंश आणि तळाला २२-२३ आलं, तर तळाचं जाळं ओढू नका, आधी उथळाकडे सरका.