माळरान राखायचंय? आधी सातबारा काढा

प्रश्न : माण तालुक्यात आमची १२ एकर माळजमीन आहे. मुलं शहरात स्थिरावली. आमच्यामागे तिथे प्लॉट पडू नयेत, यासाठी काय करता येईल?

नुसतं मृत्युपत्र पुरणार नाही. वारसाला पूर्ण मालकी द्यायची आणि वर ‘कधीही विकू नकोस’ अशी अट घालायची, हे कायद्यापुढे टिकत नाही. अमेरिकेत जमीनमालक बांधकामाचा हक्क तेवढा संवर्धन संस्थेला देऊन टाकतो. जमीन विकली गेली तरी ते बंधन तिच्यासोबत जातं. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारा सुविधाधिकाराचा (दुसऱ्याच्या जमिनीवरच्या मर्यादित हक्काचा) कायदा आहे, पण तो १८८२ चा आणि शेजारच्या जमिनीची सोय पाहणारा, वाटेसाठी, पाण्यासाठी. पाखरांसाठी त्यात जागा नाही.

उरतो सार्वजनिक न्यास, म्हणजे ट्रस्ट. जमीन त्याच्या नावे दान करायची. १९५० च्या कायद्याखाली नोंदलेल्या न्यासाला स्थावर मालमत्ता विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. हा अडसर अभेद्य नाही, पण बराच भक्कम आहे. मात्र शेतजमीन बिगरशेतकऱ्याकडे जाण्यावर कूळकायद्याच्या कलम ६३ चं बंधन आहे, त्यामुळे दानपत्राआधी महसूल खात्याच्या परवानगीचं पाहा. आणि सर्वांत आधी सातबारा काढा. त्यावर भावाबहिणींची नावं असतील तर रीतसर वाटणी होईपर्यंत पुढचं सगळं हवेत. माळ वाचवायच्या कितीतरी गोष्टी इथेच अडतात, बिल्डर बिचारा नंतर येतो.

प्रश्न : वनखात्याकडे गेलो तर जमीन सरकारजमा होईल का?

नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने ‘समुदाय राखीव क्षेत्र’ आलं. मालकाने स्वतःहून पुढे यायचं, मालकी त्याचीच राहते. खासगी जमीन असेल तर व्यवस्थापन समितीत मालक, वनखात्याचा प्रतिनिधी आणि पंचायतीचा प्रतिनिधी बसतो. पुढे जमिनीचा वापर बदलायचा तर समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी, दोन्ही हवं. हे बंधन तुमच्यावरही आहे. उद्या तिथे फार्महाऊसचा मोह झाला तर तक्रार करायची नाही.

प्रश्न : जमीन उघडीबोडकी आहे. पावसाळ्यात हजार झाडं लावून सुरुवात करावी म्हणतो.

कृपा करून नको! माळ म्हणजे उजाड झालेलं जंगल नव्हे. सरकारी नोंदींत गवताळ जमिनी ‘पडीक’ म्हणून लागल्या आणि तेव्हापासून जो तो ग्लिरिसिडियाची झाडं लावायला धावतो. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं उन्हात वाढतात. सावली पडली की मागे हटतात. चंडोल जमिनीवर घरटं करतो, खोकड बीळ काढतं, लांडग्याला मोकळी नजर लागते. सोलापूरजवळच्या नान्नजचं अभयारण्य १९७९ मध्ये झालं ते माळढोकासाठी, आणि माळढोक झाडीतला पक्षी नाही. ओढ्याकाठी जुनी बाभूळ, बोर असेल ती राहू द्या. पाणी अडवायला उताराला आडवे खणतात ते सलग समतल चरसुद्धा नकोत. जेसीबीने उलटलेलं गवत लवकर परत येत नाही.

प्रश्न : मग तारेचं कुंपण घालून गुरं कायमची बंद करायची का?

दोन्ही नको. तारेत काळवीट अडकतं. चराई पावसाच्या सुरुवातीपासून गवताचं बी पडेपर्यंत थांबवा, मग कापणी करा, गुरं सोडा. न कापलेलं गवत उन्हाळ्यात वणव्याला आमंत्रण. हद्दीवर जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेला पट्टा, वेळेत काढून ठेवा.

दरवर्षी मेंढ्या घेऊन येणारे धनगर असतील तर आधी त्यांच्याशी बोला. त्यांची वाट तुमच्या गटातून जात असेल, तर ती बंद करण्याचा कागद कुठल्याही कचेरीत मिळाला तरी माळावर चालणार नाही. शिवाय दख्खनच्या माळावरचा लांडगा बराचसा मेंढरांवरच जगतो. कळप कोणत्या महिन्यात, किती दिवस थांबणार, हे तोंडी ठरलं तरी पुरे. फक्त ठरवताना गावातली दोन माणसं सोबत असू द्या.