24 व्होल्टवरून 5 व्होल्ट, 3 अँपियर: एलएम2596 या व्होल्टेज उतरवणाऱ्या स्विचिंग चिपचं तयार मॉड्यूल नीट चालतं, तीच सर्किट माझ्या दोन लेयरच्या पीसीबीवर नॉईज देते आणि तापते. लेआउटमध्ये काय चुकत असेल?

उत्तर:

पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळणारं ते मॉड्यूल काही फार उत्तम डिझाइन नाही, पण त्यात सगळे पार्ट एकमेकांना खेटून बसलेले असतात. तेवढ्यावरच ते तरून जातं. तुमच्या बोर्डवर सगळ्यात आधी इनपुट कपॅसिटर, चिप आणि शॉटकी डायोड यांतलं अंतर मोजा.

बकमध्ये, म्हणजे व्होल्टेज उतरवणाऱ्या अशा सर्किटमध्ये, कॉइलचा करंट सावकाश बदलतो, त्यामुळे कॉइल 1 सेंमी लांब गेली तरी चालतं. झटक्यात चालू-बंद होतो तो इनपुट कपॅसिटर, चिपमधला स्विच, डायोड आणि ग्राउंडमार्गे परत कपॅसिटर या फेऱ्यातला करंट. 3 सेंमी ट्रॅकचा इंडक्टन्स ढोबळमानाने 20 ते 30 नॅनोहेन्री. 3 अँपियर 30 नॅनोसेकंदांत तुटला, तर 30 नॅनोहेन्रीवर 3 व्होल्टचा काटा (स्पाइक) उठतो. आउटपुटला कितीही कपॅसिटर लावले तरी तो जात नाही, कारण तो ग्राउंडमधून पसरतो.

म्हणून बोर्डवर चिप ठेवली की लगेच तिच्या पिन 1 (इनपुट) आणि पिन 3 (ग्राउंड) ला लागून 4.7 मायक्रोफॅरड, 50 व्होल्ट, एक्स7आर प्रकारचे दोन सिरॅमिक कपॅसिटर ठेवा. डायोडचा कॅथोड पिन 2 (स्विचचं आउटपुट) ला चिकटवा आणि अ‍ॅनोड त्याच सिरॅमिकच्या ग्राउंड पॅडजवळ आणा. हा फेरा पूर्ण वरच्याच लेयरवर हवा, मध्ये व्हिया (लेयर जोडणारं भोक) नको. कॉइल आणि आउटपुट कपॅसिटर त्यानंतर. बरेच जण कनेक्टरपासून सुरुवात करतात आणि सिरॅमिकला उरलेल्या जागेत ढकलतात. अशा बोर्डचं पुढे काही खरं नसतं.

100 मायक्रोफॅरड, 50 व्होल्टचा लो-ईएसआर (अंतर्गत रोध कमी असलेला) इलेक्ट्रोलिटिकही शेजारी हवाच. इनपुट कपॅसिटरांना इथे एकूण सुमारे 1.2 अँपियर रिपल करंट (सतत आत-बाहेर होणारा करंट) सोसावा लागतो, तेव्हा डेटाशीटमधलं ते रेटिंग बघून घ्या. शिवाय नुसते सिरॅमिक ठेवून 24 व्होल्टची वायर चालू सप्लायला खोचली, तर व्होल्टेज क्षणभर दुपटीजवळ उसळू शकतं. चिपची मर्यादा 40 व्होल्ट आहे.

आउटपुटला मात्र सिरॅमिक वाढवत नेऊ नका. ही जुनी चिप आउटपुट कपॅसिटरच्या ईएसआरवर स्थिर राहते. फार कमी ईएसआर मिळाला की डोलायला लागते. 220 ते 330 मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर इलेक्ट्रोलिटिक पुरे. कॉइल 33 मायक्रोहेन्री, सॅच्युरेशन करंट (ज्यापुढे कॉइलचा इंडक्टन्स घसरतो) 4 अँपियरच्या वर.

खालची लेयर सलग ग्राउंड ठेवा. एखादा सिग्नल ट्रॅक तिला आडवा चिरून गेला, तर करंट वळसा घालतो. स्विचिंग नोडचं, म्हणजे पिन 2, डायोड आणि कॉइल जिथे जुळतात तिथलं, कॉपर लागेल तेवढंच, उगाच मोठं पोअर नको. फीडबॅकचा (आउटपुट व्होल्टेज चिपला कळवणारा, पिन 4 चा) ट्रॅक आउटपुट कपॅसिटरच्या पॅडवरून उचला आणि कॉइलखालून नेऊ नका. अ‍ॅडजस्टेबल चिप असेल, तर 1 के आणि 3.09 के हे दोन्ही रेझिस्टर पिन 4 जवळ बसवा.

आता तापण्याचं. 15 वॅट आउटपुटला या चिपच्या सर्किटमध्ये 3 वॅटहून जास्त उष्णता निघते. त्यातला जवळपास 1.2 वॅट डायोडचा, कारण तो 79 टक्के वेळ चालू असतो. एसएमडी (बोर्डवर सपाट बसणाऱ्या) चिपचा टॅब, म्हणजे तिचा धातूचा पत्रा, ग्राउंडच असतो, म्हणून त्याखाली 0.3 मिमीचे 10-12 व्हिया आणि दोन्ही बाजूंना मिळून 15 चौ. सेंमी तरी कॉपर द्या. डायोडची उष्णता कॅथोडमधून, म्हणजे स्विचिंग नोडमधून निघते, त्यामुळे तिथे तडजोड अटळ आहे. 5 अँपियरचा डायोड घेतला तर थोडं हलकं होतं. भोसरीकडे बोर्ड करून घेणार असाल, तर 2 औंस (जाड) कॉपरचा भाव विचारून ठेवा.

बोर्ड बदलण्याआधी एकदा नॉईज नीट मोजा. प्रोबची मगर-क्लिप काढा, टोकाला छोटी ग्राउंड स्प्रिंग लावा आणि थेट आउटपुट कपॅसिटरच्या पायांवर टेकवा. क्लिपच्या 10-15 सेंमी वायरीचा अँटेना होतो आणि स्कोपवर दिसणारे निम्मे काटे त्याचेच असू शकतात.