एक गुंठाही नाही, मग शेतकी कशाला?

मी मुलांची आणि पालकांची समुपदेशक. जून सरत आला की मला फोन यायला लागतात. नीटचा निकाल लागलेला असतो, मेडिकलची आशा मावळलेली असते आणि सीईटीच्या गुणांवर बी.एस्सी. ॲग्रीला, म्हणजे शेतकीच्या पदवीला, नंबर लागेल असं दिसत असतं. मग भांडुप, लालबाग, बोरिवली, कुठूनही फोन येवो, वाक्य तेच. ‘मॅडम, घ्यायला हरकत नाही, पण आमच्याकडे एक गुंठाही जमीन नाही हो.’ माफी मागितल्याच्या सुरात. एका आईने तर विचारलं होतं, ‘सातबारा नाही, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आहे, चालेल का?’ ती थट्टा करत नव्हती.

याचं सरळ उत्तर आधी देऊन टाकते. चालतं. घरी शेती असलेल्या मुलांना गुणवत्ता यादीत थोडा जादा भार मिळतो, पण सातबारा नाही म्हणून कुणाला दार बंद नाही. शेतजमीन विकत घ्यायची असेल तर कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं, कारण बिगरशेतकऱ्याला ती सहजासहजी घेता येत नाही. पण तो व्यवहार वेगळा, पदवी वेगळी. राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आहेत, अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे आणि त्यात मृदाशास्त्र, कृषिविद्या, कीटकशास्त्र, रोगशास्त्र, अर्थशास्त्र असं बरंच काही शिकवतात. एवढं सांगून मी अनेकांना फोनवरच मोकळं करते. काहींची मात्र या उत्तराने सुटका होत नाही. अशाच एका मुलीची ही हकिकत. तिला ऋतुजा म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ऋतुजा प्रवेशाच्या वेळी आली नव्हती. आली ती चौथ्या वर्षाला, दिवाळीच्या सुट्टीत, आईबरोबर. कोकणातल्या एका कृषी महाविद्यालयात शिकत होती, गुण चांगले होते आणि आता परत जाणार नाही म्हणून हटून बसली होती.

‘काय झालं?’

‘मॅडम, माझी चूकच झाली. आमच्याकडे जमीन नाही. मी तिकडची नाहीच.’

इथे मी माझीच चूक सांगते. मला वाटलं, हे नेहमीचंच, पुढे काय करायचं याची काळजी. पहिली पूर्ण भेट मी माहिती देण्यात घालवली. लोकसेवा आयोगाची कृषिसेवा, बँकांमधलं कृषी क्षेत्र अधिकाऱ्याचं पद, माती परीक्षणाच्या प्रयोगशाळा. नाबार्ड या शेतीसाठीच्या राष्ट्रीय बँकेचं मुख्यालय तर आपल्या वांद्रे-कुर्ला संकुलातच आहे. भुईमुगाचा टीएजी-२४ हा वाण आहे ना, त्यातला ‘टी’ ट्रॉम्बेचा आणि ‘ए’ अकोल्याचा. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात बियाण्यावर किरणांचा मारा करून नवे वाण काढतात, चेंबूरच्या पलीकडे! माटुंग्याला कापसावर काम करणारी केंद्रीय संस्था १९२४ पासून आहे. (तिचे वडील माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये, रोज त्याच स्टेशनवर उतरणारे. त्यांना ही संस्था ठाऊक नव्हती.) मी रंगून सांगत होते. ऋतुजा मान डोलावत होती. जाताना म्हणाली, ‘हे सगळं आम्हाला पहिल्या वर्षीच सांगतात, मॅडम.’

पुढच्या भेटीत मी कमी बोलले. मग निघालं.

सातव्या सत्रात या मुलांना गावात राहून काम करावं लागतं. त्याला सगळे ‘रावे’ म्हणतात. मुलं कृषिदूत, मुली कृषिकन्या. गावात फलक लावायचे, माती परीक्षणाचं प्रात्यक्षिक दाखवायचं, बीजप्रक्रिया करून दाखवायची आणि तालुक्याच्या वर्तमानपत्रात फोटो. ऋतुजाचाही फोटो आला होता, आईने तो मोबाइलमध्ये जपलेला. त्याच गावात एका काकांनी तिला बांधावर नेलं. लावणीला महिना होऊन गेलेला, भात पिवळं पडत होतं. चार-पाच शेतकरी जमले. काकांनी विचारलं, ‘काय घालू गं?’ ती म्हणाली, ‘युरिया द्या.’

काकांनी अर्धी गोणी टाकली. दहा-बारा दिवसांत त्या खाचराचा एक कोपरा करपला. कृषी सहायक आले, पान हातात घेतलं आणि म्हणाले, हा कडा करपा आहे. युरिया म्हणजे नत्र, नायट्रोजन, आणि या रोगात नत्राचा जादा हप्ता म्हणजे आगीत तेल.

‘युरियाची गोणी पावणेतीनशेच्या आतच येते, मॅडम. प्रश्न पैशांचा नाही.’ आणि ती रडायला लागली.

रडणं थांबल्यावर मी विचारलं, कडा करपा ओळखायचा कसा? खरं तर मला काही सुचत नव्हतं म्हणून विचारलं. तिने नाक पुसलं, टेबलावरचा माझा पाण्याचा ग्लास पुढे ओढला आणि बोलायला लागली. ‘नत्र कमी असेल ना, तर खालची जुनी पानं आधी पिवळी होतात, अख्खी. तिथे वरच्या पानांच्या कडा पिवळ्या होत्या, टोकापासून खाली, नागमोडी. आदल्या आठवड्यात वादळी पाऊस झाला होता. वाऱ्याने पानं घासतात, जखमा होतात, तिथून जिवाणू आत शिरतो. शंका असेल तर रोगट पान कापायचं आणि कापलेलं टोक असं स्वच्छ पाण्यात बुडवून धरायचं.’ ग्लासात तिने माझं पेन धरलं होतं. ‘थोड्या वेळाने टोकातून दुधासारखी रेघ खाली उतरते. ते जिवाणू. मग युरिया द्यायचा नाही, पाणी काढून टाकायचं...’

ती थांबली. ग्लासाकडे बघत राहिली.

‘हे तुला त्या दिवशी माहीत होतं?’

‘दुसऱ्या वर्षापासून माहीत आहे.’

‘मग?’

‘सगळे बघत होते. थांबायचं कसं, मॅडम?’

बावीस वर्षांच्या कामात मला थोड्याच गोष्टी नीट शिकता आल्या. त्यातली एक म्हणजे अशा वेळी तोंड बंद ठेवणं. ‘अगं, चुका सगळ्यांच्याच होतात’ हे वाक्य ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं, याचं मला आजही बरं वाटतं. कारण दोनेक मिनिटांनी ती स्वतःच बोलली.

‘माझ्या रूममेटचं घरचं शेत आहे. ती चुकली तर तिच्या बाबांचं भात जातं, बाबा ओरडतात, संपलं. माझ्याकडे चुकायला जमीनच नाही. मी चुकले की दुसऱ्याचं जातं.’

‘आमच्याकडे जमीन नाही’ हे वाक्य मी इतकी वर्षं नोकरीच्या, प्रतिष्ठेच्या, लग्नाच्या बाजारातल्या भावाच्या अंगाने ऐकत आले होते. त्यात ही भीती असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. आणि ही भीती खोटी नाही. तिची समजूत काढून ती घालवायची नसते. दुसऱ्याच्या शेतात पाय ठेवताना असं वाटणारी मुलगी मला तरी कृषी अधिकारी म्हणून हवी आहे.

राहिला तिचा दुसरा प्रश्न, थांबायचं कसं. माणूस एकटा माझ्या खोलीत येत नाही, घर बरोबर घेऊन येतो, हा माझा जुना हट्ट. माझे काही सहकारी त्याला हसतात. प्रत्येक घराचा एक लाडका शब्द असतो, तो सापडेपर्यंत मला चैन पडत नाही. म्हणून पुढच्या भेटीला मी आई-वडील दोघांना बोलावलं. वडील प्रेमळ गृहस्थ. मुलगी पाच वर्षांची असल्यापासून जेवताना तिला प्रश्न विचारण्याचा त्यांचा खेळ. राजधान्या, पाढे, शोध कुणी लावला. खुर्चीवर बसल्या बसल्या ते म्हणाले, ‘पटकन सांगा मॅडम, आता हिचं काय करायचं?’

ऋतुजाने माझ्याकडे पाहिलं आणि फसकन हसली. मग आईही हसली. वडिलांना कळेना काय झालं.

पटकन. पाढा पटकन, उत्तर पटकन, डबा पटकन, कारण लोकल कुणासाठी थांबत नाही. त्यावर नीटची दोन वर्षं: साधारण मिनिटाला एक प्रश्न, चार पर्यायांतला एक गोल काळा करायचा आणि पुढे. शहाणी मुलगी होती, ती हे उत्तम शिकली. बांधावर काकांनी विचारलं तेव्हा तिच्या डोक्यात चार पर्याय आले असणार आणि तिने गोल काळा केला. भाताला ‘पटकन’ कळत नाही. लवकर तयार होणारं हळवं घ्या, मधलं निमगरवं घ्या, उशिराचं गरवं घ्या, शंभरावर दिवस ते घेणारच. तुम्ही सांगितलेलं बरोबर होतं की चूक, हे पीक त्याच्या सवडीने सांगतं.

वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘आमच्या घरात माहीत नाही असं कुणी म्हणतच नाही. मीसुद्धा नाही.’ हे त्यांनी अभिमानाने सांगायला सुरुवात केली होती. वाक्य संपेपर्यंत त्यांचा आवाज उतरला.

आम्ही एक वाक्य पाठ केलं. हो, पाठच. ‘आत्ता सांगता येत नाही, बघून उद्या सांगते.’ ती ते माझ्यासमोर म्हणाली, आईसमोर म्हणाली, वडिलांच्या जेवणावेळच्या प्रश्नांना म्हणाली. हास्यास्पद वाटतं, पण जीभ वळायलाही सराव लागतो. त्या वाक्यातला ‘उद्या’ महत्त्वाचा. नुसतं ‘माहीत नाही’ म्हणून हात झटकणं हे शेतकऱ्याच्या काहीच कामाचं नाही.

सुट्टी संपल्यावर ती परत गेली, आणि काकांकडेही गेली. मी तिला जा म्हटलं नव्हतं. तिकडे झोडणी चालू होती. तिने घडाघडा कबुली दिली. काका म्हणाले, ‘आलीस ते बरं झालं, एक माणूस कमीच होतं,’ आणि तिच्या हातात पेंढी दिली. संध्याकाळपर्यंत तिने भात झोडलं. क्षमा वगैरे शब्द कुणी काढला नाही.

आता जे पालक आणि मुलं याच उंबऱ्यावर उभी आहेत, त्यांच्यासाठी थोडं.

प्रवेश घेण्याआधी कर्जत लोकल पकडा. कर्जतला भाताचं संशोधन केंद्र आहे. कर्जत-३, कर्जत-७ ही वाणांची नावं तिथलीच. आधी विचारून जा, खाचरं बघा, चिखलात पाय घाला. तो चिखल किळसवाणा वाटला तर तेही उपयोगी उत्तर आहे. तेवढंही जमत नसेल तर सोसायटीच्या बागेतली माती काचेच्या बरणीत एक तृतीयांश भरा, वर पाणी, चिमूटभर कपडे धुण्याची पावडर, जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात खाली बसते, पोयटा म्हणजे बारीक गाळ काही तासांत, चिकणमातीला दिवस लागतो, कधी जास्तच. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मूल आपणहून बरणीकडे गेलं का, तेवढं बघा. माझ्या मते कुठल्याही कलचाचणीपेक्षा ही बरणी जास्त सांगते. (कलचाचण्या मीही घेते. फी घेऊनच.)

‘मेडिकल नाही म्हणून ॲग्री’ हे वाक्य घरात पाहुण्यांसमोर उच्चारू नका. मूल ते ऐकतं आणि चार वर्षं उपऱ्यासारखं वागतं.

जे आधीच शिकत आहेत त्यांना मी एक गोष्ट सांगते, ती ऋतुजाकडूनच उसनी घेतली आहे. मातीचा नमुना कसा घेतात, असं मी तिला एकदा विचारलं. शेतात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खड्डा घ्यायचा, सगळी माती एकत्र करायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याशेजारची माती घ्यायची नाही, तिच्यावरून शेताचा अंदाज चुकतो. मी म्हटलं, आणि तू स्वतःचा नमुना कुठून घेतलास? ती म्हणाली, ‘उकिरड्याशेजारून.’ हे उदाहरण मी आता इंजिनिअरिंगच्या मुलांनाही ऐकवते. त्यांना खड्डा समजावून सांगावा लागतो, एवढंच.

आणि चुकायला जागा हवी, हे तिचं म्हणणं मी शब्दशः घेतलं. पौषात तिने गावाहून गोणीभर माती एसटीने आणली, वडिलांनी ती चार मजले चढवली आणि गच्चीवर तीन टबांत उन्हाळी भात लावलं. एका टबाला नत्र दिलंच नाही, एकाला मोजून दिलं, एकाला मुद्दाम जास्त. वडील कामावर जाण्याआधी रोज फोटो पाठवायचे, खाली लिहायचे, ‘पहिल्या टबाची खालची पानं पिवळी. का ते सांग. घाई नाही.’

गच्चीत पाणी मुरतं म्हणून सोसायटीने नोटीस लावली आहे. टब हलवावे लागणार. त्यासाठी मात्र तिने माझ्याकडे वेळ मागितलेली नाही.