मंडळाच्या साइटसाठी एक्सएचटीएमएल घ्यावं की एचटीएमएल? आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी काय करावं?

तुम्ही विचारलंय की मंडळाची जुनी मराठी साइट नव्याने करताना कोणती मार्कअप भाषा (पानाची रचना लिहायची भाषा) धरावी, आणि दृष्टी नसलेल्या सभासदांनाही ती वापरता यावी म्हणून काय करावं. इंदूरला मी वर्षानुवर्षं हेच काम करतोय.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे: साधं एचटीएमएल. २००० साली एक्सएचटीएमएल १.०, म्हणजे एचटीएमएलचंच एक्सएमएल या काटेकोर भाषेतलं रूप, आलं तेव्हा कोडला शिस्त लागेल असं वाटायचं. पण ते खऱ्या एक्सएमएलच्या नियमांनी चालवलं की एक टॅग (मजकुराभोवतीची खूण) बंद करायचा राहिला तरी पानाच्या जागी एरर येते. पुढचं एक्सएचटीएमएल २ तर २००९ मध्ये गुंडाळायचं ठरलं.

खरं काम पुढे आहे. रामबागेतल्या एका वाचनालयाची साइट मी केली होती. मजकूर डीटीपीवाल्याकडून कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये आला, मी फाँट जोडून तसाच चढवला. दिसायला सुरेख. तिथले एक जुने सभासद, आम्ही त्यांना नाना म्हणतो, एनव्हीडीए (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) लावून ऐकायला बसले. दोन मिनिटांनी म्हणाले, "अरे, यात मराठी कुठंय?" कृतिदेवमध्ये 'मराठी' शब्द आतून ई, जे, के, बी, एच या रोमन अक्षरांचा असतो. डोळ्याला मराठी दिसतं, कानावर मात्र अर्थहीन आवाज पडतात. मला फार लागलं ते. सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरांना स्वतःचे संकेत असलेल्या पद्धतीत, आणला आणि ओळ न ओळ तपासली, कारण कन्व्हर्टर रफार आणि पहिल्या वेलांटीत हमखास चुकतात.

मग भाषेची खूण. पानाच्या लँग अ‍ॅट्रिब्यूटमध्ये मराठीसाठी 'एमआर' हवं. आपल्याकडे निम्म्या सूचना हिंदीत असतात, त्या परिच्छेदांना 'एचआय' द्या. दोन्ही आवाज संगणकावर असतील तर एनव्हीडीए त्याप्रमाणे आवाज बदलतो.

नाना एच दाबत मथळ्यामागून मथळा गाठतात. नुसती ठळक, मोठी अक्षरं केलीत तर त्यांना मथळा सापडत नाही, हेडिंगचा टॅगच लागतो. बटणाचंही तसंच. डिव्हला (नुसत्या चौकटीच्या टॅगला) क्लिक लावून केलेलं बटण टॅब दाबून हाती लागत नाही. कार्यक्रमपत्रिका जेपीईजी चित्र म्हणून टाकू नका, तारीख-वेळ मजकुरात लिहा.

रंगांचं एक सांगतो, कारण मंडळांच्या साइटवर हे सर्रास दिसतं. भगव्या पट्टीवर पांढरी अक्षरं. डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या नियमावलीप्रमाणे साध्या मजकुराला किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातला फरक) लागतो. नेहमीच्या केशरी छटेवर पांढऱ्याचा जेमतेम २.१ भरतो. पट्टी भगवीच ठेवा, अक्षरं गडद तपकिरी करा. ज्येष्ठ मंडळींना चष्म्यातूनही नीट वाचता येईल.

एनव्हीडीए फुकट मिळतो. साइट ताब्यात घेण्याआधी माउस बाजूला ठेवा, स्क्रीन बंद करा आणि पुढच्या कार्यक्रमाची तारीख नुसतं ऐकून सापडते का बघा. शक्य असेल तर तुमच्यातल्याच एखाद्या दृष्टिहीन सभासदाला शेजारी बसवा. मी आता नाना ऐकेपर्यंत बिल पाठवत नाही.