पगार चांगला, सिबिल चांगला, तरीही नव्या इमारतीतील फ्लॅटला बँक कर्ज का देत नाही?

आपण विचारले आहे की, पगार नियमित आहे, सिबिल, म्हणजे आजवरच्या कर्जफेडीवरून मिळणारे गुण, ७८० आहे आणि इमारत नवीकोरी आहे, तरी बँक गृहकर्जाचे पैसे का सोडत नाही, आणि अशा वेळी दुसऱ्या बँकेकडे जावे का. प्रश्नाचा हा शेवटचा भाग वाचून मला उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण नेमक्या याच सल्ल्यावरून माझे आणि माझ्या थोरल्या बंधूंचे २०१८ सालापासून बिनसलेले आहे.

कर्जाचे मंजुरीपत्र मिळते ते तुमच्या पगारावर. पैसे सुटतात ते इमारतीच्या कागदांवर. मंजुरीपत्र हाती पडले की आपल्याकडे पेढे वाटले जातात आणि खरी तपासणी त्यानंतर सुरू होते. बँकेचा वकील जमिनीच्या मालकीचा साधारण तीस वर्षांचा शोध घेतो, मूल्यांकनकार प्रत्यक्ष जाऊन मजले मोजतो, आणि या दोघांपैकी एकाचा जरी शेरा प्रतिकूल असला तरी तुमचे ७८० गुण फाईलमध्ये नुसते पडून राहतात.

आमच्या बाबतीत हेच झाले. परळच्या चाळीतील दोन खोल्या सोडून आम्ही दोघा भावांनी एकाच इमारतीत घरे घ्यावीत, म्हणजे आईला दोन्हीकडे जाता-येता येईल, असा दादाचा बेत होता. घाटकोपर पूर्वेला एका जुन्या सोसायटीच्या पुनर्विकासात उभी राहिलेली विक्रीची इमारत त्याने शोधली. रंग लागलेला, लिफ्ट चालू, लॉबीत संगमरवर. पाहणाऱ्याला ती पूर्णच वाटावी. दादाने तेराव्या मजल्यावर आणि मी चौदाव्या मजल्यावर घराची आगाऊ नोंदणी (बुकिंग) केली. माझी करारकिंमत १ कोटी २० लाख रुपये ठरली आणि ९ लाख रुपये मी लगेच भरले. बिल्डरच्या कार्यालयातील गृहस्थ प्रत्येक प्रश्नाला ‘ओसी (इमारत राहण्यायोग्य असल्याचे पालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र) येतेच आहे’ एवढेच उत्तर देत असत, आणि तोवर अंतर्गत कामासाठी फिट-आऊट ताबा देऊ, असेही त्यांनी सांगितले.

बँकेने मला ९० लाख रुपये मंजूर केले. ७५ लाखांवरील गृहकर्जात किमतीच्या ७५ टक्क्यांपलीकडे बँकेला जाता येत नाही आणि मुद्रांक व नोंदणी शुल्क त्या किमतीत धरले जात नाही, हे मला ठाऊक होते. त्याची तजवीज मी भविष्य निर्वाह निधीतून केली होती. पार्किंग, क्लबहाऊस, सोसायटीची आगाऊ देखभाल रक्कम हे सगळे खिशातून द्यायचे होते, तेही जमवले होते. तीन आठवड्यांनी शाखेतून फोन आला की, पैसे सोडता येणार नाहीत.

शाखेतील अधिकारी बाई सज्जन होत्या. त्यांनी वकिलाचा अहवाल हाती दिला नाही, पण टेबलावर उघडून ठेवला आणि एका ओळीवर बोट ठेवले. महापालिकेच्या प्रारंभ प्रमाणपत्रावरचा, म्हणजे बांधकामाची परवानगी देणाऱ्या सीसीवरचा, शेवटचा शेरा बाराव्या मजल्यापर्यंतचा होता. त्यावरच्या मजल्यांसाठी विमानतळ प्राधिकरणाचे उंचीचे ना हरकत प्रमाणपत्र यायचे होते आणि सुधारित नकाशे मंजूर व्हायचे होते. थोडक्यात, ज्या चौदाव्या मजल्यावर उभे राहून मी आईला पूर्वेकडची खाडी दाखवली होती, तो मजला पालिकेच्या दप्तरी नव्हताच. विमानतळाच्या आसपासच्या कुर्ला, घाटकोपर, विलेपार्ले या भागांत उंचीची ही अडचण काही नवलाची नाही, आणि तरीही नोंदणी करताना मी ती विचारली नाही, हा दोष माझाच.

दादाचे म्हणणे असे की, बँकेचे वकील उगाच खुसपटे काढतात, ओसी नसलेल्या इमारतींत अर्धी मुंबई राहते आणि प्रकल्पाला महारेराचा (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा) क्रमांक आहे म्हणजे सरकारनेच तो तपासलेला आहे. त्याने एक गृहवित्त कंपनी गाठली. तिची चाळण जाड जाळीची होती; दोन टक्के अधिक व्याजाने तिने पंधरा दिवसांत धनादेश दिला. मीही तिथेच अर्ज करावा, म्हणून दादा आणि वहिनी दोघेही माझ्या मागे लागले. मी नाही म्हटले. तेव्हा दादाने आईसमोर मला जे सुनावले ते इथे लिहीत नाही.

मला त्याचे म्हणणे तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. मागणीपत्रात बिल्डरने जीएसटीची ओळ घातली होती, आणि त्या वेळी हा कर प्रत्यक्षात १२ टक्के पडत असे. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर जीएसटी लागतच नाही. याचा अर्थ, आम्हाला इमारत तयार असल्याचे सांगणारा बिल्डर सरकारला मात्र ती बांधकामाधीन असल्याचे सांगत होता. (१ एप्रिल २०१९ पासून हा दर सर्वसाधारण घरांसाठी ५ टक्के आणि परवडणाऱ्या घरांसाठी १ टक्का आहे, तत्त्व तेच आहे.) आपल्या मागणीपत्रात ही ओळ आहे का, ते आजच पाहावे.

महारेराच्या क्रमांकाबद्दल मी अधिकच कठोर बोलेन. तो क्रमांक म्हणजे प्रकल्पाची नोंदणी आहे, सुरक्षिततेची हमी नव्हे. डोंबिवलीतील ६५ इमारतींनी पालिकेच्या बनावट परवानग्या जोडून ही नोंदणी मिळवली होती, हे पुढे सगळ्या महाराष्ट्राने वाचले. क्रमांक पाहून थांबू नये; महारेराच्या संकेतस्थळावर त्याच पानावर सीसीची प्रत, न्यायालयीन दाव्यांची यादी आणि प्रकल्पावरील बोजा दिलेला असतो, तो वाचावा. आणि ‘अर्धी मुंबई राहते’ या युक्तिवादाला वरळीच्या कॅम्पा कोला आवारातील लोकांनी उत्तर द्यावे. तिथे माणसे पंचवीस-तीस वर्षे राहिली, मंजुरीपलीकडचे मजले २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात बेकायदा ठरले, आणि जून २०१४ मध्ये पालिकेचे पथक पाणी, वीज व गॅस तोडायला दारात आले.

आता आपल्या प्रश्नाकडे वळतो. बँकेकडून नकाराचे कारण लेखी मागा. कर्ज नाकारण्याची मुख्य कारणे लेखी कळवावीत, असे रिझर्व्ह बँकेच्या न्याय्य व्यवहार संहितेत आहे. ‘तांत्रिक कारण’ एवढ्यावर समाधान मानू नका. कारण कळले की पुढचे सोपे आहे. बिल्डरने प्रकल्प दुसऱ्या वित्तसंस्थेकडे गहाण ठेवला असेल आणि तिचे ना हरकत पत्र तेवढे आलेले नसेल, तर तो महिनाभराच्या धीराचा प्रश्न आहे. बिल्डरच्या मागे लागा. प्रकल्प त्या बँकेच्या मंजूर यादीत नसल्यामुळे फाईल अडली असेल, तर ज्या बँकेच्या यादीत तो आहे तिच्याकडे जाण्यात काहीच गैर नाही. मूल्यांकन करारकिंमतीपेक्षा कमी आले असेल, तर फरकाची रक्कम स्वतः उभी करायची की किंमत पाडून मागायची, एवढाच निर्णय आहे. मी किंमत पाडून मागा असे म्हणेन.

पण अडचण सीसीच्या मजल्यांची किंवा ओसीची असेल, तर दुसऱ्या बँकेकडे जाऊ नये. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात बँक टप्प्याटप्प्याने पैसे देते आणि तिथे ओसी नसणे स्वाभाविकच आहे. मी बोलतो आहे ते पूर्ण झाल्याचे सांगून विकल्या जाणाऱ्या इमारतीबद्दल. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर असे निर्देशच दिले की, इमारत तारण ठेवून कर्ज देताना बँकांनी पूर्णत्वाचे किंवा भोगवट्याचे प्रमाणपत्र तपासूनच ते मंजूर करावे. बँकेच्या वकिलाचा त्या इमारतीत काडीचाही स्वार्थ नसतो. त्याने काढलेली चूक चार हजारांच्या शुल्कात आपल्याला कळते आहे, तर ती झाकणारी संस्था शोधत का फिरावे?

आणखी एक. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम घेता येत नाही. आपण अधिक दिली असेल तर ती बाब महारेराकडील तक्रारीत पहिल्या ओळीत येऊ द्या. माझे ९ लाख १० टक्क्यांच्या आतच होते, त्यामुळे हे हत्यार माझ्या हाती नव्हते. घर आपल्या नावे राखून ठेवल्याचे जे वाटपपत्र बिल्डर देतो, त्यात नोंदणी रद्द केल्यास किती कपात होईल, ते वाचा. ते कलम मी रद्द करायच्या दिवशी प्रथम वाचले.

इथे काही गोष्टी मान्य करायला हव्यात. मी वकील नाही. नोकरदार आहे आणि माझा अनुभव एका इमारतीचा आहे. आपला व्यवसाय स्वतःचा असेल, नोकरी नुकतीच बदललेली असेल किंवा वय पन्नाशीपुढे असेल, तर नकार खरोखर आपल्याच कागदांवरून आलेला असू शकतो, आणि मग वरचे बरेचसे गैरलागू ठरेल. शिवाय, त्या इमारतीला ओसी मिळाली. २०२१ साली, अखेर सगळ्या मजल्यांसकट मिळाली. त्याआधीची तीन वर्षे दादाच्या घरी पालिकेचे पाणी दुप्पट दराने येत होते आणि उरलेले टँकरने, पण आज त्या घराची किंमत मी मुलुंडला घेतलेल्या जुन्या इमारतीतील घरापेक्षा बरीच अधिक आहे, हे तो प्रत्येक दिवाळीला सांगतो आणि ते खोटे नाही.

माझे ९ लाख रुपये चौदा महिन्यांनी, चार धनादेशांत, एका पैशाच्या व्याजाविना परत आले. दादा म्हणतो, त्या व्याजाचे नुकसान मी हट्टापायी केले. माझा हिशेब असा की, ९० लाखांवर दोन टक्के म्हणजे वर्षाला सुमारे १ लाख ८० हजार रुपये त्याने अधिक भरले, तेही ओसी येऊन कर्ज बँकेकडे वळवीपर्यंत तीन वर्षे, आणि टँकर वेगळा. त्या काळातील कर्जाचे खातेपत्रक मी त्याच्याकडे दोनदा मागितले आहे. दोन्ही वेळा वहिनींनी चहा आणला आणि विषय तिथेच राहिला.