पहिला ऑर्गनायझर घेताना आधी विचारा: लिहिलेलं राहतं कुठे?

या वेळचे सगळे प्रश्न एकाच विषयावरचे आहेत. फोन बाजूला ठेवून भेटी, पत्ते आणि कामांच्या याद्या खिशात मावणाऱ्या वेगळ्या यंत्रात ठेवायच्या आहेत, तर पहिलं यंत्र कोणतं घ्यावं? पाम आणि सायॉन या कंपन्यांची अशी यंत्रं नवी बनणं केव्हाच थांबलं. हाती येणार ते वापरलेलंच, हे धरून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: बटणांची डिजिटल डायरी, स्टायलसने (पडद्यावर टेकवायच्या काडीने) लिहायचा पाम आणि छोट्या कीबोर्डचा सायॉन, असे तीन प्रकार दिसतात. मला रोजच्या चार-पाच भेटी, दीडेकशे फोन नंबर आणि कामांच्या याद्या ठेवायच्या आहेत. कोणता घेऊ?

पाम घ्या. तुमच्या नोंदी लहान आहेत, पण दिवसातून वीस वेळा उघडून बघायच्या आहेत. जुन्या पामच्या तोंडावर चार बटणं असतात: तारखा, पत्ते, कामं, टिपणं. यंत्र बंद असलं तरी बटण दाबताच ते पान समोर येतं, थांबावं लागत नाही. १९९६ मध्ये पामचा पहिला ऑर्गनायझर 'पायलट' आला तेव्हा त्यात १२८ किंवा ५१२ किलोबाइट एवढीच मेमरी होती, तरी हे काम तो चोख करत होता. तुमच्या गरजेला ८ मेगाबाइट म्हणजे भरपूर. मेमरीच्या मोठ्या आकड्याकडे बघून निवड करू नका.

कॅसिओ, शार्पच्या बटणांच्या डायऱ्या फोन नंबरांपुरत्या ठीक. राहिलेलं काम उद्यावर ढकलणं, भेटीची वेळ बदलणं, असल्या रोजच्या गोष्टींना त्यात फार बटणं दाबावी लागतात. बऱ्याच डायऱ्या संगणकाला जोडताच येत नाहीत, म्हणजे नोंदींची दुसरी प्रत राहत नाही.

सायॉन ५एमएक्स हे १९९९ चं यंत्र. पानंच्या पानं लिहिणाऱ्यांना आम्ही तेच सुचवतो. झाकण उघडलं की कीबोर्ड पुढे सरकतो आणि टेबलावर ठेवून दोन्ही हातांनी टाइप करता येतं. मात्र बिजागरीतून पडद्याकडे जाणारी चपटी केबल उघडझाप करून चिरते. आधी पडद्यावर रेघा उमटतात, मग पडदा कोराच होतो. घेताना झाकण सावकाश दहा वेळा उघडून मिटून पाहा. एखाद्या ठराविक कोनात जरी रेघ चमकली, तरी ते यंत्र घेऊ नका.

प्रश्न: हौसेने एक जुना पाम घेतला, दोन दिवस खपून सगळे पत्ते भरले. महिनाभर ड्रॉवरमध्ये राहिला आणि आता नव्या यंत्रासारखा 'स्वागत' म्हणतो आहे. यंत्र बिघडलं आहे का?

यंत्र चांगलं आहे, आतली वीज संपली. दोन दिवसांची मेहनत गेली याचं आम्हालाही वाईट वाटतं, कारण हे घेण्याआधी सांगितलं गेलं पाहिजे आणि बहुतेकदा सांगितलं जात नाही.

२००४ च्या आधीच्या पाममध्ये तुम्ही लिहिलेलं सगळं रॅममध्ये असतं. रॅमला सतत थोडी वीज लागते, यंत्र 'बंद' असतानाही. 'बंद' याचा अर्थ एवढाच की पडदा विझला. सेल पूर्ण उतरला की रॅम रिकामी होते. यंत्राचे स्वतःचे प्रोग्रॅम वेगळ्या, कायमच्या मेमरीत असतात, म्हणून यंत्र सुरू होतं, पण कोरं. २००४ मध्ये टंगस्टन टी५ आणि ट्रिओ ६५० या यंत्रांपासून पामने नोंदींसाठी फ्लॅश मेमरी वापरायला सुरुवात केली. तिला टिकून राहायला वीज लागत नाही. विंडोजवाल्या पॉकेट पीसींमध्ये हाच बदल २००५ च्या विंडोज मोबाइल ५ पासून झाला.

म्हणून यंत्र निवडताना पहिला प्रश्न हाच: लिहिलेलं राहतं कुठे? रंगीत पडदा, गाणी, कॅमेरा हे सगळं त्याच्या मागून. पहिल्यांदाच घेणाऱ्याने शक्यतो २००५ मधले टंगस्टन ई२, टीएक्स किंवा झेड२२ बघावेत; तिन्हींत फ्लॅश मेमरी आहे. झेड२२ सगळ्यांत साधा. त्यात कार्डाची खाच नाही, पडदा १६० बाय १६० बिंदूंचा, पण डायरी म्हणून वापरायला पुरेसा. ई२ चा पडदा ३२० बाय ३२०, अक्षरं कोरीव दिसतात, वर ब्लूटूथ आणि एसडी कार्डाची सोय आहे. डोळ्यांना बारीक अक्षराचा त्रास असेल तर ई२ च घ्या.

नावातल्या एका अक्षरावरून फसगत होते, तेही सांगून ठेवतो. टंगस्टन ई आणि टंगस्टन ई२ दिसायला सारखे आहेत, पण २००३ च्या ई मध्ये रॅम आहे. पाठीवरचं नाव वाचूनच पैसे द्या.

प्रश्न: मला आत बसवलेली बॅटरी नको, कुठेही मिळणारे सेल चालणारं यंत्र हवं. मग रॅमचा धोका पत्करायचा का?

पत्करा, पण शिस्तीने. पाम थ्रीएक्सई, एम१०५, हँडस्प्रिंग कंपनीचा, पामसारखाच चालणारा व्हायजर डिलक्स ही तिन्ही ८ मेगाबाइटची यंत्रं दोन एएए सेलवर चालतात आणि काळा-पांढरा पडदा असल्याने सेल आठवडेच्या आठवडे पुरतात. व्हायजरचं सिंक, म्हणजे संगणकाशी जोडून दोन्हीकडच्या नोंदी जुळवणं, यूएसबीवर चालतं, हा त्याचा फायदा.

सेल बदलताना रॅम जगवायला आत एक कॅपॅसिटर असतो. नवा असताना तो साधारण मिनिटभर तग धरायचा, आता वीसेक वर्षांनी तेवढा धरेल याची खात्री नाही. म्हणून असं करा: आधी संगणकाशी सिंक करा. यंत्र बंद करा. नवे सेल वेष्टनातून काढून, अधिक-उण्याची दिशा जुळवून शेजारी ठेवा. मग झाकण काढा, एक जुना सेल काढून लगेच नवा घाला, नंतर दुसरा. सगळं वीस सेकंदांत व्हायला हवं. पडद्यावर कमी विजेची पहिली सूचना आली की त्याच दिवशी हे करा.

रिचार्जेबल सेल चालतात. मात्र त्यांचा दाब १.२ व्होल्ट असतो, साध्या अल्कलाइनचा १.५. त्यामुळे यंत्रावरचं मापक भरलेला सेलही अर्धा दाखवतं, आणि उतरू लागला की तो शेवटी झपाट्याने उतरतो. मापकावर विसंबू नका, कॅलेंडर बघून ठरलेल्या दिवशी बदला.

सायॉन ५एमएक्समध्ये दोन एए सेल आणि आधाराला सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल असतो. हे दोन्ही एकाच वेळी काढायचे नाहीत, एवढा एक नियम पाळला तर त्यातलं लिखाण सुखरूप राहतं. त्याचा धाकटा भाऊ रेव्हो मात्र पहिल्यांदा घेणाऱ्याला आम्ही सुचवत नाही. त्याचे सेल आत बसवलेले आहेत, आणि पूर्ण उतरलेल्या स्थितीत पडून राहिलेलं यंत्र पुन्हा चार्ज होईलच असं नाही.

प्रश्न: वापरलेलं यंत्र हातात घेतल्यावर दहा मिनिटांत काय काय तपासू?

आधी सेलचं झाकण. स्प्रिंगांवर हिरवट-पांढरी पूड दिसली तर अल्कलाइन सेल गळलेला आहे. पूड वरवर असेल तर कानातल्या कापसाच्या काडीवर थेंबभर व्हिनेगर घेऊन ती पुसून निघते, कारण गळती क्षारधर्मी असते आणि आम्लाने ती मारली जाते. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवायचं. स्प्रिंगच खाऊन गेली असेल तर नाद सोडा. बॅटरी आतच असलेल्या यंत्रात बघायचं ते वेगळं: पडदा एका कडेने उचलल्यासारखा किंवा पाठ फुगलेली वाटली तर बॅटरी सुजली आहे. असं यंत्र चार्जला लावूच नका.

मग पडदा. सेटिंगमध्ये डिजिटायझर उघडून फुल्यांवर अचूक टेकवा. त्यानंतर चित्र काढायची सोय असेल तिथे एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सावकाश तिरकी रेघ ओढा. रेघ सरळ आली तर उत्तम. मधेच पायऱ्या पडल्या किंवा उडी मारली तर वरचा लवचिक थर थकलेला आहे. हा पडदा दाबावर चालतो: दोन पारदर्शक थर, मध्ये बारीकशी फट, टेकवलं की ते एकमेकांना चिकटतात. म्हणून बॉलपेनची रिकामी रिफिलसुद्धा त्यावर चालवायची नाही.

सगळ्यांत जास्त झिजतो तो खालचा लिहिण्याचा चौकोन. दिव्याखाली तिरका धरून बघा. एकाच जागी शेकडो ओरखड्यांचा धुरकट पट्टा दिसेल. तो पट्टा दिसला म्हणून यंत्र नाकारू नका. आधी त्याच जागी दहा अक्षरं काढून पाहा, नीट उमटली तर त्यावर मॅट फिल्मची पट्टी चिकटवून वर्षानुवर्षं काम होतं.

रिसेट कुठे आहे तेही पाहून घ्या: पाठीवर बारीक छिद्र असतं. सरळ केलेली पेपरक्लिप चालते, आणि पाम थ्रीच्या स्टायलसचं टोक फिरवून काढलं तर आत त्याचसाठी पिन दडवलेली सापडते. नुसतं रिसेट दाबलं तर नोंदी राहतात. पॉवरचं बटण दाबून ठेवून रिसेट केलं की यंत्र विचारतं, सगळं पुसू का? विकत घेतलेलं यंत्र आधी असंच एकदा पुसून घ्या, आधीच्या मालकाचे पत्ते तुमच्याकडे राहायला नकोत.

प्रश्न: ग्राफिटी, म्हणजे पामवर स्टायलसने लिहायची पद्धत, शिकणं अवघड आहे का? रोमन अक्षरं वेगळीच काढावी लागतात म्हणे.

दोन-तीन संध्याकाळी पुरतात. अक्षरं चौकोनाच्या डाव्या भागात, आकडे उजव्या भागात. मूळ ग्राफिटीत बहुतेक प्रत्येक अक्षर हात न उचलता एका फटक्यात काढायचं. 'ए' म्हणजे खालून डावीकडून वर आणि पुन्हा उजवीकडे खाली, मधली आडवी रेघ नाही. 'टी' म्हणजे डावीकडून उजवीकडे आणि तिथूनच सरळ खाली. डावीकडून उजवीकडे नुसती आडवी रेघ म्हणजे मोकळी जागा, उलट ओढली की मागचं अक्षर पुसतं. नवशिक्यांची चूक एकच असते: अक्षर फार लहान आणि चौकोनाच्या मध्यावर काढतात. चौकोनभर मोठं काढा, ओळखण्यात चूक कमी होते.

२००३ पासून आलेल्या यंत्रांत ग्राफिटी २ आहे. त्यात 'आय', 'के', 'टी' आणि 'एक्स' दोन फटक्यांत, नेहमीच्या लिहिण्यासारखे काढायचे. झेड२२ घेणाऱ्याने जुन्या ग्राफिटीचा तक्ता पाठ करत बसू नये.

आणि मराठी? पाम ओएसमध्ये देवनागरीची सोय नाही. नोंदी रोमन लिपीत ठेवाव्या लागतात. ज्या यंत्रात नोटपॅड आहे तिथे स्टायलसने देवनागरीत हाताने लिहून ठेवता येतं, पण ते चित्र म्हणून राहतं, शोधता येत नाही.

प्रश्न: आजच्या संगणकाशी जोडता येईल का?

इथे खरी अडचण आहे. पामचा यूएसबी ड्रायव्हर ३२ बिट विंडोजपुरताच होता. त्या ड्रायव्हरने ६४ बिट विंडोजवर केबलने सिंक होत नाही. ई२ किंवा टीएक्स असेल तर ब्लूटूथने होतं. लिनक्सवर जे-पायलट हा प्रोग्रॅम केबलनेही काम करतो. झेड२२ मध्ये ब्लूटूथ नाही, त्यामुळे तो घेण्याआधी लिनक्स किंवा ३२ बिट विंडोजचा एखादा जुना संगणक हाताशी आहे का ते बघा. थ्रीएक्सईला तर नऊ पिनांचं सिरियल पोर्ट लागतं.

ई२ सारख्या यंत्रात एसडी कार्डावर प्रत ठेवणं हा सगळ्यांत सोपा मार्ग. कार्ड साधं एसडी घ्या, १ जीबी किंवा लहान. मोठी एसडीएचसी कार्डं ही यंत्रं ओळखत नाहीत.

प्रश्न: सगळं एका बैठकीत भरू का?

नको. पहिल्या दिवशी पुढच्या दोन आठवड्यांच्या भेटी आणि रोज लागणारे पंधरा नंबर, बस. बाकीचे पत्ते जेव्हा लागतील तेव्हा भरा. निम्मे कधी लागतच नाहीत. वाढदिवस मात्र एकदाच बसून, दर वर्षी परत येणारी नोंद म्हणून घाला. जुन्या पाममध्ये एका टिपणाला साधारण ४००० अक्षरांची मर्यादा आहे आणि स्वतःचे वर्ग पंधराच करता येतात, तेव्हा सुरुवातीला तीन-चार वर्गांवर थांबा. कागदी डायरी पहिली दोन-तीन सिंक नीट होईपर्यंत सोबत राहू द्या.

प्रश्न: पाममध्ये पुढच्या किती वर्षांच्या तारखा घालता येतात?

२०३१ च्या ३१ डिसेंबरपर्यंत. पाम ओएस वर्षाचा आकडा १९०४ पासून मोजतो आणि त्यासाठी सात बिट ठेवतो. सात बिटांत सर्वांत मोठी संख्या १२७, आणि १९०४ मध्ये १२७ मिळवले की २०३१. त्यापुढचे विम्याचे हप्ते आणि ठेवींच्या मुदती कागदावरच लिहून ठेवा.